आईचा मान आणि वालाचे बिरडे

चौल-रेवदंड्याच्या परिसरात बेने इस्रायल, म्हणजे गावोगाव ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला यहुदी समाज, पिढ्यान् पिढ्या नांदला, हे येथील श्रोत्यांना नव्याने सांगण्याचे कारण नाही; रेवदंड्याचे १८४२ मधील बेथ एल सिनेगॉग आणि चेऊलकर हे आडनाव त्याची साक्ष देतातच. मात्र या समाजाच्या धर्मात आईचा मान कशाला म्हणतात, याविषयी आज फार ढिलाईने बोलले जाते, आणि म्हणून येथे एकच गोष्ट आग्रहाने मांडावयाची आहे: हा मान हातांनी करावयाचा असतो.

तालमूद या धर्मशास्त्रीय चर्चांच्या ग्रंथात मानाची व्याख्या भावनेच्या भाषेत केलेली नाही. आईवडिलांना खाऊ-पिऊ घालणे, वस्त्र नेसवणे, पांघरूण घालणे, आत-बाहेर नेताना आधार देणे, अशी साधी कामेच तेथे सांगितली आहेत. दहा आज्ञांत मान राखण्याच्या संदर्भात पित्याचा उल्लेख आधी येतो, तर लेवीय या ग्रंथात धाक बाळगण्याच्या संदर्भात आईचा. आई गोड बोलून वाढवते म्हणून मुलाला तिची ओढ अधिक आणि धाक कमी, पित्याच्या बाबतीत याच्या उलट, हे ओळखून शास्त्राने जेथे उणे तेथे भर घातली, असे रब्बींचे, म्हणजे धर्मगुरूंचे, विवेचन आहे.

कोकणात या धर्माला शतकानुशतके ना ग्रंथांचा आधार होता ना रब्बींचा. शेमा ही एकेश्वराची प्रार्थना, सुंता, शनिवारची विश्रांती आणि आहाराचे नियम यांवर समाजाने दिवस काढले, आणि त्यांतील विश्रांतीचा व आहाराचा भार घरातील बाईवर होता. कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्यांनी भरलेल्या या किनाऱ्यावर कोळणीच्या पाटीतून खवले व पर असलेलीच मासळी निवडून घेणे, मटणाच्या कालवणात नारळाचा रस घालून दुधाचा स्पर्श टाळणे, शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वी चूल आटोपून खोबरेल तेलाचा दिवा लावणे, ही कामे आयांनी केली नसती, तर पुढे सिनेगॉग बांधायला समाजच उरला नसता.

यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक ज्या उपवासाने पाळला जातो, त्याला बिरडे खाण्याच्या चालीवरून या समाजात ‘बिरड्याचा रोजा’ म्हणतात. बिरडे म्हटले की वाल आदल्या दिवशी भिजवावे लागतात, फडक्यात बांधून मोड आणावे लागतात, कोमट पाण्यात टाकून दाणा न् दाणा सोलावा लागतो. ऐन दिवशी जाग आलेल्याच्या हाती कोरडे वालच राहतात. आईच्या मानाचेही तसेच आहे: त्याला मोड यायला दिवस लागतात, आणि सोलण्याचे काम दुसऱ्यावर टाकून वाढण्याचे श्रेय तेवढे घेता येत नाही. जो मुलगा वर्षभर आईच्या औषधाची वेळ विचारीत नाही आणि एका रविवारी फुले पाठवतो, त्याने तिच्या पानात न भिजवलेले वाल वाढले आहेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

तो रविवार, म्हणजे मे महिन्यातील दुसरा, अमेरिकेत १९१४ मध्ये मातृदिन म्हणून अधिकृत झाला, आणि त्यासाठी झटलेल्या ॲना जार्विस यांनाच पुढे त्याच्या बाजारीकरणाविरुद्ध लढावे लागले. चौलच्या हिंदू घरांत मातृदिन म्हणून पाळली जाणारी पिठोरी अमावास्या सर्वांच्या परिचयाची आहे. इस्रायलमध्ये मातृदिनासाठी शेवात या हिब्रू महिन्याची ३० तारीख निवडली गेली. ती १९४५ मध्ये निवर्तलेल्या हेन्रिएटा सोल्ड यांची पुण्यतिथी होय. स्वतःचे मूल नसलेल्या या बाईंनी नाझी जर्मनीतून यहुदी मुलांना सोडवून आणणाऱ्या ‘युवा आलिया’ या कार्याची धुरा वाहिली, म्हणजे तेथेही आईपण कामावरूनच ओळखले गेले. १९९० च्या दशकात त्या दिवसाचा कुटुंबदिन झाला. ते योग्य की अयोग्य, हा विचार येथे बाजूला ठेवणे भाग आहे.

हातांचा मुद्दा मात्र निसटू नये, म्हणून रब्बी तर्फोन यांची कथा सांगावी लागते. आईच्या पायातील चप्पल तुटली तेव्हा त्यांनी आपले तळहात तिच्या पावलांखाली ठेवून तिला बिछान्यापर्यंत चालवले. आईने विद्वानांपाशी मुलाचे कौतुक केले, तर शास्त्राला अपेक्षित असलेल्या मानाच्या निम्म्यालाही तो पोहोचलेला नाही, असे उत्तर तिला मिळाले.

यहुदी वंश आईकडून ठरतो, हेही येथे जोडले पाहिजे, कारण इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलांना त्याचीच झळ लागली. १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बींच्या कार्यालयाने या समाजातील व्यक्तीच्या विवाहापूर्वी तिची आई, आजी आणि त्यामागील पिढ्या तपासण्याची सूचना काढली, म्हणजे ज्यांच्या चुलीने धर्म राखला त्यांच्याच यहुदीपणावर शंका घेतली गेली. कुटुंबांनी यरुशलेममध्ये धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे तेथील संसदेने, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा ठराव केल्यानंतर त्या सूचनेतील या समाजाचा उल्लेख काढण्यात आला.