एक एकर गृहिणीच्या नावे
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ग्रामीण भागातील राहणीमान कसे सुधारेल, या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून घरोघरी आचरणात आणता येईल अशी एकच गोष्ट आपणांपुढे ठेवतो.

अर्धापूरकडील केळीच्या बागांना कालव्याचे पाणी लाभते. परंतु कंधार, मुखेड, अहमदपूर या डोंगराळ टापूत बहुतेक रान आभाळावरच अवलंबून आहे. २०१६ साली लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. अशा रानात सर्वत्र सोयाबीन पेरावयाचे, दिवाळीच्या सुमारास ते आडतीवर घालावयाचे, उधारी फेडावयाची आणि उरलेल्या पैशांत डाळ, ज्वारी, भाजी विकत घ्यावयाची, असा क्रम पडला आहे. पाऊस चुकला वा भाव पडला, की प्रथम घरचे ताट रिकामे होते.

यावरील उपाय आपल्याच भागातील स्त्रियांनी दाखविला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरांच्या पुनर्बांधणीत गावोगावच्या स्त्रिया पुढे आल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साह्याने त्यांनी बचतगट उभारले व पुढे ‘एक एकर’ शेतीची रीत रूढ केली. कुटुंबाने अर्धा-एक एकर गृहिणीच्या हाती द्यावा. तिने त्यात तूर, मूग, उडीद, ज्वारी, भाजीपाला शेणखतावर घ्यावा. आधी घरचे पोट भरते. उरेल ते आठवडी बाजारात जाते. या संस्थेस २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचे ‘इक्वेटर’ पारितोषिक लाभले.

परंतु राबणारे हात तिचे आणि सातबारा दुसऱ्याचा, हे उचित नव्हे. पीककर्ज व भरपाई कागदावरील नावालाच मिळते. कर्ता पुरुष अकाली गेला, तर त्या माउलीस कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी स्वखुशीने जमिनीवर पत्नीचे नाव लावले. पुढे शासनानेही पतीच्या हयातीत तिचे नाव नोंदविण्याची सोय केली. जमीन घराबाहेर जाईल, अशी शंका कोणी घेईल. पण जी घर सांभाळते, तिच्या हातून ती बाहेर कशी जाईल?

स्मरणिकेत देणगीदारांची यादी आपण दरवर्षी छापतो. पुढील वर्षी तिच्या शेजारी, ज्यांनी सातबाऱ्यावर गृहिणीचे नाव लावले, त्या कुटुंबांचीही यादी यावी, अशी मंडळास नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.