वजन थोडे उतरले तर

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंदूर येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेच्या कार्याचा गौरव व्हावा, ही रीतच आहे. आणि तो गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथायोग्य केला आहे. माझ्याकडे आरोग्याचा विषय आला. मी तो मुद्दाम असा निवडला आहे की जो आपल्या घरांत कुजबुजीपलीकडे जात नाही. पूर्वी 'कावळा शिवला' एवढ्या दोन तीन-अक्षरी शब्दांत तो उरकला जाई. आज कावळा गेला, परंतु कुजबूज गेली नाही. तेव्हा पुरुष मंडळींनी कृपा करून उठून जाऊ नये. मुलीला दवाखान्यात नेणारा बाप, सुनेच्या पाळीची चौकशी करणारी सासू आणि बायकोच्या ताटात काय पडते हे न पाहणारा नवरा, या सर्वांशी आजच्या विषयाचा संबंध आहे.

हा विषय म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, ज्याला सर्वजण पीसीओएस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातील दर शंभर स्त्रियांमागे ८ ते १३ जणींना हा विकार असतो, आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नसते. हे सभागृह भरलेले आहे. हिशोब आपणच करावा.

विकार नवा नाही. १९३५ साली शिकागो येथील डॉ. स्टाइन आणि डॉ. लेव्हेंथाल यांनी अशा सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पाळी अनियमित, बीजांडकोश मोठे झालेले आणि त्यांत अनेक लहान लहान पुटिका, असे चित्र त्यांना दिसले. त्यांनी शस्त्रक्रिया करून बीजांडकोशाचा थोडा भाग काढला, तेव्हा पाळी पुन्हा सुरू झाली. त्यामुळे दोष बीजांडकोशातच आहे असा समज पुष्कळ वर्षे राहिला. आज आपण जाणतो की बीजांडकोश हे त्या दोषाचे एक ठिकाण आहे, सगळे मूळ तेथे नाही.

मूळ समजण्यासाठी आधी निरोगी पाळी कशी येते ते पाहू. दर महिन्यास बीजांडकोशातील काही पुटिका वाढू लागतात. त्यांतील एक पुढे जाते, पक्व होते आणि फुटून स्त्रीबीज बाहेर पडते. फुटलेल्या जागेतून प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक सुमारे दोन आठवडे स्रवते. गर्भ राहिला नाही तर ते आटते, आणि गर्भाशयाचे अस्तर गळून पडते. हीच पाळी. म्हणजे पाळी वेळेवर येणे ही स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडल्याची पोच असते.

पीसीओएसमध्ये पुटिका वाढू लागतात, परंतु अर्ध्या वाटेवर थबकतात. सोनोग्राफीत त्या मण्यांसारख्या दिसतात, आणि रिपोर्टवरील 'सिस्ट' हा शब्द वाचून घरात गाठ झाल्याचा आकांत होतो. त्या गाठी नव्हेत. त्या थबकलेल्या पुटिका आहेत, आणि त्या कापून काढावयाच्या नसतात.

त्या थबकतात का? येथे इन्सुलिनचा संबंध येतो. स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन रक्तातील साखर पेशींत पोचविते. काही जणींच्या शरीरात पेशी त्याला दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते. हे जादा इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके अधिक तयार करण्यास चिथावते. शिवाय त्या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृत तयार करते, तेही इन्सुलिनमुळे घटते. परिणामी पुटिका थबकतात, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरुमे उठतात. पोटाभोवती चरबी साठली की पेशी इन्सुलिनला आणखीच जुमानीत नाहीत. असे हे चक्र आहे. आणि म्हणूनच, वजन थोडे उतरले तर इन्सुलिन उतरते, इन्सुलिन उतरले तर चक्र सैल होते, आणि अनेक जणींची पाळी औषधावाचून मार्गावर येते.

'थोडे' या शब्दावर मी जोर देते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे १९९५ साली एक लहानसा परंतु बोलका अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या आणि स्त्रीबीज बाहेर न पडणाऱ्या १३ स्त्रियांनी सहा महिने आहार आणि व्यायाम यांचा कार्यक्रम पाळला. सरासरी वजन घटले ते फक्त ६.३ किलो, परंतु १३ पैकी १२ जणींत स्त्रीबीज पुन्हा बाहेर पडू लागले. त्यानंतरच्या अनुभवाने वैद्यकशास्त्र असे सांगते की वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी पुष्कळ लाभ होतो. ७२ किलो वजनाच्या आणि १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीला ५ टक्के म्हणजे ३.६ किलो. इतके उतरल्यावरही ती आरशात सडपातळ दिसणार नाही. शेजारणीच्या लक्षातही येणार नाही. परंतु तिच्या बीजांडकोशाच्या ते लक्षात येऊ शकते.

आता 'आमची मुलगी तर लठ्ठ नाही' असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली होती. उंचीच्या मानाने वजनाचा अंक, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली! आपली भारतीय शरीरयष्टी वरून बारीक दिसली तरी आत चरबी बाळगून असते. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच सावध व्हावे, आणि स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर काट्याच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये.

मात्र खरोखरच सडपातळ असलेल्या स्त्रियांनाही हा विकार होतो. त्यांनी वजन उतरविण्याच्या मागे लागू नये. उपाशी राहून वजन फार घटविले तर मेंदूच पाळी थांबवितो. म्हणजे उपाय तोच अपाय ठरतो. एका मापाचे पोलके सर्वांना बसत नाही.

पाळी केव्हा अनियमित समजावी? पहिली पाळी आल्यानंतरच्या वर्षभरात ती पुढेमागे होणे स्वाभाविक आहे. तीन वर्षांनंतर मात्र अंतर २१ दिवसांहून कमी किंवा ३५ दिवसांहून अधिक असेल, अथवा वर्षात आठांहून कमी पाळ्या येत असतील, तर तपासणी करावी. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन यांचे दोषही असेच दिसतात. ते आधी वगळावे लागतात. पहिल्या पाळीपासून आठ वर्षे होईपर्यंत केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा स्पष्ट सल्ला आहे. कारण त्या वयात अनेक निरोगी मुलींच्या बीजांडकोशांतही पुष्कळ पुटिका दिसतात. केस एकाएकी वाढले, आवाज घोगरा झाला, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

'पाळी येत नाही, बरे झाले, कटकट गेली,' असे काही भगिनी म्हणतात. येथे मला कळकळीने सांगावयाचे आहे. स्त्रीबीज बाहेर पडत नाही तेव्हा प्रोजेस्टेरॉन मिळत नाही, आणि गर्भाशयाचे अस्तर महिनोन्‌महिने जाड होत राहते. वर्षानुवर्षे असेच चालले तर त्यात कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून ९० दिवस पाळी आली नाही तर, गर्भ नाही याची खात्री करून, डॉक्टर काही दिवसांच्या गोळ्या देऊन ते अस्तर पाडतात. वजन उतरण्याची वाट पाहत असतानाही ही काळजी घ्यावीच लागते. साखरेची तपासणीही निदान होताच आणि पुढे एक ते तीन वर्षांनी करीत राहावी.

आता आपल्या घराकडे वळू. आपण इंदूरकर. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी जेवणावर शेव, आणि पाहुणे आले की रात्री सराफ्यात फेरी. मी कोणाचा सराफा बंद करावयास आलेली नाही. परंतु रोजचे आणि सणाचे यांतला भेद आपल्याकडे पुसला गेला आहे. मूठभर शेव म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतला तर ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी केवळ चहातून जातात. आणि उपवासाचे काय? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याचा लाडू. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच आज्यांनी केली आहे.

उपाय परका आणण्याची गरज नाही. कोणताही एक विशिष्ट आहार पीसीओएससाठी इतरांहून श्रेष्ठ आहे असे सिद्ध झालेले नाही. अर्धे ताट भाजी व कोशिंबिरीने भरावे. घट्ट वरण, मोडाची उसळ, दही, चालत असल्यास अंडे वा मासा, असे काही प्रत्येक जेवणात असावे. भात आणि पोळी दोन्ही असतील तर दोन्ही निम्मे घ्यावे. मधूनमधून ज्वारीची भाकरी करावी. शेव आणि फरसाण यांचा डबा टेबलावरून उचलून फळीवर ठेवावा. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे घरातील सर्वांनी तेच जेवावे. मुलीच्या पुढे काकडी आणि भावाच्या पुढे कचोरी, हा आहार नव्हे. ही शिक्षा झाली.

व्यायामाचे प्रमाण असे: आठवड्यास निदान १५० मिनिटे भरभर चालणे, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. वजन उतरवावयाचे असेल तर मिनिटे २५० पर्यंत न्यावीत. सूर्यनमस्कार आपलेच आहेत. व्यायामाने काट्यावरचा आकडा हलण्यापूर्वीही पेशी इन्सुलिनला दाद देऊ लागतात. म्हणून दोन आठवड्यांत निराश होऊ नये. तीन ते सहा महिने द्यावेत, आणि पाळीची तारीख दिनदर्शिकेवर मांडावी.

सहा महिने प्रामाणिकपणे करूनही पाळी न आल्यास तो त्या मुलीचा आळस समजू नये. हा विकार असताना वजन उतरविणे इतरांपेक्षा कठीण जाऊ शकते. मेटफॉर्मिन आहे, पाळी नियमित ठेवणाऱ्या गोळ्या आहेत, मूल हवे असल्यास लेट्रोझोलसारखी औषधे आहेत. ती घेण्यात कमीपणा नाही. आणखी एक सूचना: वजन उतरू लागले की स्त्रीबीज पाळीच्या आधी बाहेर पडते. ज्यांना तूर्त मूल नको, त्यांनी 'मला पाळीच येत नाही' या भरवशावर राहू नये.

शेवटी, औषधाच्या दुकानात न मिळणारी एक गोष्ट. 'लग्न झाले की सगळे सुरळीत होईल,' हा सल्ला आपल्या समाजात अजून दिला जातो. लग्नाने इन्सुलिन उतरत नाही. त्या सल्ल्याने मात्र विकार लपविला जातो, आणि दोन वर्षांनी तीच मुलगी सासरच्या प्रश्नांपुढे एकटी उभी राहते. वास्तविक पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना, काहींना उपचाराने आणि पुष्कळांना त्याविनाही, मूल होते. लपविण्याजोगे यात काही नाही. या मुलींना उदासीनता आणि चिंता यांचा त्रास इतरांहून अधिक होतो, हेही सिद्ध झाले आहे. आणि 'किती सुटलीस गं!' हे प्रत्येक हळदीकुंकवाला ऐकावे लागले तर तो वाढणारच. शरीरावर शेरा मारून आजवर कोणाचेही वजन उतरलेले नाही.

विश्वस्त मंडळापुढे माझी दोन मागण्या आहेत. हे सभागृह सकाळी सहा ते आठ रिकामेच असते; ते मुली आणि स्त्रियांना व्यायामासाठी खुले करावे. आणि न्यासाच्या कार्यक्रमांत अल्पोपहाराला तळणाबरोबर उसळीची एक वाटीही असावी. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ही संस्था काढली, त्यांनी गरजू विद्यार्थ्यांची फी आणि आजाऱ्यांचे औषध हेच आपले काम मानले. वेळेवर मिळालेली माहिती हेही औषधच आहे, आणि त्याला खर्चही थोडा येतो.

 ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी नंतर भेटावे. आणि मुलीला सोबत आणावे, तिच्या वतीने विचारू नये.