परदेशी उपकरण आणि घरची वीज

परदेशातून येणारी वस्तू ही आता आपल्या खेड्यापाड्यांत नवलाई राहिलेली नाही. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा आखातात नोकरीला असतो. देशावरच्या लहान गावातली मुलगी लग्न होऊन अमेरिकेला जाते. गावच्या शाळेतून शिकून गेलेला विद्यार्थी आठवणीने शाळेला एखादे यंत्र पाठवतो. वस्तू येते, सगळे कौतुकाने भोवती जमतात, आणि कोणीतरी म्हणते, "लावून तर पाहू!" श्रोतेहो, हे "लावून तर पाहू" म्हणण्याआधी काय पाहायचे, एवढेच आज मला सांगायचे आहे.

मी काही विजेच्या शास्त्रातला तज्ज्ञ नव्हे. महाविद्यालयात भूगोल शिकवतो. परंतु हा प्रश्न मुळात भूगोलाचाच आहे. नकाशावर जशा देशांच्या सीमा असतात, तशा विजेच्याही असतात. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची असते. अमेरिकेत घरातल्या नेहमीच्या सॉकेटमध्ये ती १२० व्होल्ट असते, तर जपानमध्ये १०० व्होल्ट. दुबई, मस्कत, कुवेत, दोहा इकडचा दाब आपल्याशी जुळणारा आहे. सौदी अरेबियात मात्र १२७ व्होल्टचा पुरवठा सर्रास असे. २०१० मध्ये त्या देशाने हळूहळू २३० व्होल्टकडे जाण्याचे ठरवले. तेव्हा "आखातातून आणले" एवढ्यावर विसंबून चालायचे नाही. कोणत्या देशातून आणि कधीचे, हे विचारायला हवे.

हा फरक पडला कसा? एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्क शहरात वीज दिली ती ११० व्होल्टच्या आसपास. त्या काळच्या दिव्यांना तेवढा दाब मानवत असे. पुढे १८९९ च्या सुमारास बर्लिनच्या वीज कंपनीने दाब दुप्पट, म्हणजे २२० व्होल्ट करायला घेतला. दाब दुप्पट झाला की तेवढीच शक्ती निम्म्या प्रवाहात वाहून नेता येते, आणि तांब्याच्या तारा बारीक चालतात. युरोप हळूहळू त्या वाटेने गेला. अमेरिकेत तोवर घरोघर जुन्या दाबाची उपकरणे झाली होती, म्हणून ती तशीच राहिली. आपण इंग्रजांची पद्धत उचलली.

दाब म्हणजे काय हे शेतकरी बांधवांना मी शिकवायला नको. ठिबकच्या बारीक नळीला विहिरीवरच्या पंपाचा सगळा जोर थेट दिला तर काय होईल? नळी फुटेल. १२० व्होल्टच्या उपकरणाला २३० व्होल्ट देणे हे तसेच आहे. अमेरिकेतली १२०० वॅटची इस्त्री घ्या. तिथे ती १० अँपिअर प्रवाह घेते. तीच आपल्याकडे लावली तर प्रवाह १९ अँपिअरवर जातो आणि उष्णता साडेतीनपटीहून अधिक होते, म्हणजे सुमारे ४४०० वॅट! इस्त्री जळेलच; पण वायरिंग जुने असेल तर आगीलाही निमंत्रण. उलट, आपली २३० व्होल्टची शेगडी अमेरिकेत नेली तर ती जेमतेम चौथाई तापेल. लेकीच्या सामानात मिक्सर देणाऱ्या आईनेही हे ध्यानात ठेवावे.

इथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकन पिना चपट्या, आपल्या गोल. म्हणून बाजारातून पिन बदलण्याचा एक लहानसा ठोकळा आणतात. तो बसला की काम झाले असे वाटते. परंतु त्या ठोकळ्याने फक्त पिनेचा आकार बदलतो, दाब रतिभरही बदलत नाही. घरातल्या स्टॅबिलायझरचेही तेच. तो कमीजास्त होणारा दाब २३० च्या आसपास आणतो. त्याचे ११० करत नाही.

मग पाहायचे काय? उपकरणाच्या पाठीवर, तळाशी किंवा चार्जरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत एक पाटी असते. तिच्यावर इंग्रजीत 'इनपुट' हा शब्द शोधा. त्यापुढचे आकडे आपल्या कामाचे. 'आउटपुट' पुढे ५ किंवा १९ व्होल्ट असे काही असेल, तर तो ठोकळ्यातून बाहेर पडणारा दाब. त्याची आणि भिंतीतल्या विजेची गल्लत करू नये. 

इनपुटपुढे '१०० ते २४०' या अर्थी दोन आकड्यांमध्ये आडवी रेघ असली, आणि पुढे '५०/६० हर्ट्झ' असे असले, तर निर्धास्त व्हा. मोबाइल आणि लॅपटॉप यांचे बहुतेक चार्जर असेच असतात. त्यांना केवळ पिनेचा ठोकळा पुरतो. '११०' आणि '२२०' यांच्यामध्ये तिरकी रेघ असली, तर बहुधा उपकरणाला कुठेतरी लहानसा खटका असतो. वीज जोडण्याआधी तो २२० कडे सरकवावा लागतो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंना पाठीमागे दाब निवडण्याची अशीच सोय असे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आणि नुसते '१२०' किंवा '१००' लिहिलेले असले, तर ते उपकरण आपल्या भिंतीत थेट कधीही लावू नये. 

जपानी वस्तूवर पुष्कळदा '१०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे असते. '५०/६०' पाहून फसू नका. जपानच्या पूर्व भागात ५० आणि पश्चिमेत ६० हर्ट्झची वीज आहे, म्हणून ते तसे लिहितात. टोकियोने १८९५ च्या सुमारास जर्मन यंत्रे घेतली, ओसाकाने अमेरिकन. त्या दोन खरेद्यांची वाटणी आजही टिकून आहे.

हे हर्ट्झ म्हणजे प्रवाहाची सेकंदातली आवर्तने. आपल्याकडे ५०, अमेरिकेत ६०. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळतो. तो उपकरणाच्या वॅटपेक्षा निदान दीडपट क्षमतेचा घ्यावा, आणि मोटारीच्या यंत्राला त्याहूनही मोठा. मात्र तो ट्रान्सफॉर्मर आवर्तने बदलू शकत नाही. म्हणून आवर्तनांवर चालणारे अमेरिकन घड्याळ इथे तासाला ५० मिनिटेच पुढे सरकेल, आणि तशीच मोटार सहापैकी पाच हिश्शांच्या वेगाने फिरेल.

घड्याळ मागे पडले तर नुकसान थोडे. पण औषधोपचाराच्या यंत्राचे तसे नव्हे. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत परदेशातून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मोठ्या संख्येने आले. ही यंत्रे अमेरिकेसाठी निराळी आणि आपल्यासारख्या देशांसाठी निराळी बनवतात. ६० हर्ट्झचे यंत्र ट्रान्सफॉर्मरवर लावले तर ते चालेल, घरघर आवाजही करेल. घरची माणसे निश्चिंत होतील. परंतु आतला पंप मंद फिरत असल्याने रुग्णाला हवा तेवढा प्राणवायू मिळेलच याची खात्री नाही. जळालेले यंत्र निदान कळते तरी. कमी काम करणारे यंत्र कळतही नाही. म्हणून वाफेचे असो की प्राणवायूचे, रुग्णाचे यंत्र २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असे स्पष्ट लिहिलेलेच घ्यावे. यात काटकसर नको आणि भीडही नको.

भीड म्हणतो ती यासाठी, की भेट देणाऱ्याला प्रश्न विचारणे आपल्याला अवघड वाटते. पण "घेण्याआधी पाटीचा फोटो पाठव" असे सांगण्यात कसला आला कमीपणा? उलट त्याचेच पैसे वाचतात. आधीच आलेली वस्तू जुळत नसेल, तरी ती लगेच टाकून देऊ नका. तिची वीज वेगळ्या ठोकळ्यातून येत असेल, तर आउटपुटचा दाब आणि धन-ऋण टोके तीच असलेला, अँपिअर तेवढेच किंवा जास्त असलेला आपल्याकडचा ठोकळा पुष्कळदा चालतो. जाणत्या वायरमनला मात्र आधी दाखवावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. विद्यार्थ्यांना घरच्या पाच उपकरणांच्या पाट्या वाचून वहीत तक्ता करायला सांगा: व्होल्ट, हर्ट्झ, वॅट किंवा अँपिअर. पाटी वाचताना पिन काढलेली असावी आणि घरचे मोठे माणूस जवळ असावे. पुस्तकातला विद्युतदाब त्यांना एका संध्याकाळी घरात भेटेल. आणि पुढच्या वेळी परदेशाहून काही आले की "लावून तर पाहू" म्हणणाऱ्या मोठ्यांना तेच मूल म्हणेल, "थांबा, आधी वाचून पाहू."