घरच्या भट्टींत शिजविलेल्या बरगड्या
(सभेंत वाचलेलें भाषण)



आजच्या भाषणासाठीं आम्हीं निवडलेला विषय कित्येकांस क्षुल्लक वाटेल. थोरांच्या चरित्रांवर किंवा समाजाच्या उन्नतीवर बोलावयाचें सोडून हे डुकराच्या बरगड्यांविषयीं काय सांगत बसणार, अशी शंका मनांत येणें स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरीं सणाच्या दिवशीं वीस माणसें जेवावयास बसावयाचीं असतात, त्या घरच्या गृहिणीस विचारा. मांस चिवट निघालें, आणि दांत गेलेल्या आजोबांनी कांहीं न बोलतां ताट हळूच बाजूस सारलें, तर तिच्या मनास जें वाटतें तें क्षुल्लक खास नसतें. दिवसभराचे श्रम, पदरचे पैसे आणि पाहुण्यांचा मान, हीं सर्व त्या एका ताटांत असतात.

वसई, मुंबई व गोवा येथील आपल्या घरांतून सोरपोतेल किंवा विंदालू कसें करावें हें कोणास शिकवावें लागत नाहीं. बरगड्या मात्र बहुधा इतर तुकड्यांबरोबर रश्शांत जातात. अलीकडे विजेची भट्टी, म्हणजे ओव्हन, पुष्कळ घरीं आली आहे, आणि अमेरिकन पद्धतीच्या बार्बेक्यू बरगड्या घरीं करून पाहण्याची हौस तरुण मंडळींस असते. ती हौस यथासांग पार पडावी, एवढ्याच हेतूनें आम्ही आज चार शब्द सांगणार आहों.

प्रथम ह्या पदार्थाचें कुळ पाहूं. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांतील ताइनो लोकांच्या भाषेंतून स्पॅनिश लोकांच्या द्वारें जगभर गेला. लांकडांची माची उभारून तिच्यावर मांस ठेवावयाचें व खालीं विस्तव करावयाचा, अशी ती मूळची रीत. डुक्कर मात्र त्या भूमीचें नव्हे. कोलंबसानें 1493 च्या आपल्या दुसऱ्या सफरींत डुकरें त्या बेटांवर नेलीं, व 1539 त हर्नांदो दे सोतो ह्यानें तीं फ्लोरिडांत उतरविलीं. त्याच युगांत त्याच अमेरिकेंतून मिरची निघाली आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यास लागली. ज्या बरगडीवर आज आपण लाल तिखट चोळतों, तिच्यापाठीमागें असा दोन महासागरांचा प्रवास आहे.

अमेरिकेच्या दक्षिण भागांत ही कला ज्यांच्या हातीं वाढली, ते बहुतांशीं गुलामगिरींत असलेले कृष्णवर्णीय लोक होते. जमिनींत लांब चर खणावयाचे, हिकरी किंवा ओक वृक्षाचीं लांकडें जाळून त्यांचे निखारे पसरावयाचे, आणि रात्रभर जागून व्हिनेगर व तिखट यांचा हात फिरवीत अख्खें जनावर शिजवावयाचें, हें काम त्यांचें, मेजवानी मालकाची. 1865 त गुलामगिरी कायद्यानें संपली. पुढें हे लोक उपजीविकेसाठीं उत्तरेकडील शहरांत गेले, आणि आपली विद्या बरोबर घेऊन गेले. मेम्फिसजवळ जन्मलेला हेन्री पेरी नांवाचा गृहस्थ 1908 च्या सुमारास कॅन्सस सिटी येथें एका बोळांत मांस धुरावर शिजवून, वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळून, कामकरी लोकांस विकूं लागला. त्या शहराच्या बार्बेक्यूचा जनक म्हणून आज त्याचेंच नांव घेतात. तो 1940 त वारला. त्याचा धंदा त्याच्या हाताखालीं तयार झालेल्या चार्ली ब्रायंटकडे व 1946 त चार्लीचा भाऊ आर्थर ह्याच्याकडे गेला. पेरीचा सॉस फार जहाल असे. ब्रायंटबंधूंच्या काळांत त्यांत गोडवा आला.

हें सर्व सांगण्याचें कारण असें कीं, बरगडी हा श्रीमंतांचा तुकडा नव्हता. हाडें फार, मांस थोडें, आणि तेंहि चिवट. ज्यांच्या वांट्यास असा तुकडा आला, त्यांनीं वेळ खर्चून त्याला मऊ केलें. वेळ हाच ह्या पाककृतींतील मुख्य मसाला होय.

तें कसें, हें आतां पाहूं. मांसाचा चिवटपणा दोन कारणांनीं येतो. एक, स्नायूंचे तंतु उष्णतेनें आंखडतात व आंतील रस पिळून बाहेर टाकतात. दुसरें, त्या तंतूंना बांधून ठेवणारें कोलॅजन नांवाचें द्रव्य. बरगड्यांत तें विपुल असतें. सुमारें 70 अंश सेल्सिअसच्या पुढें तें हळूहळू विरघळून त्याचें जिलेटिन होतें. रस्सा थंड झाल्यावर जो थरथरणारा थर दिसतो तो ह्याचाच. ही क्रिया तासांच्या हिशेबानें चालते. भट्टी कडक तापविली तर तंतु तत्काळ आंखडतात, रस निघून जातो, आणि कोलॅजन मात्र तसेंच राहतें. म्हणून मोठा विस्तव करून वेळेची भरपाई होत नाहीं. मंद आंचेवर मांसाचा गाभा 90 ते 95 अंशांपर्यंत नेला, आणि तेथवर जावयास त्यास पुरेसा अवधि दिला, म्हणजे तंतु जरी कोरडे झाले तरी जिलेटिन त्यांना ओलावा देतें व घांस मऊ लागतो.

ह्यांत एक चमत्कारिक गोष्ट घडते. उघड्या ठेवलेल्या मांसाची उष्णता साधारण 65 ते 75 अंशांच्या दरम्यान येऊन थबकते, आणि तास तास पुढें सरकत नाहीं. नवख्यास वाटतें, भट्टी बिघडली. वस्तुतः उन्हाळ्यांत मातीच्या माठांतील पाणी ज्या कारणानें गार राहतें, तेंच कारण येथें आहे: पृष्ठभागावरून ओलावा उडून जातो व जातांना उष्णता घेऊन जातो. मांस झांकलें कीं ही अडचण दूर होते. अमेरिकेंतील आचारी बरगड्या अर्ध्या वाटेवर अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्यें गुंडाळतात, तें ह्याचसाठीं.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. बरगड्यांचे मुख्य प्रकार दोन. पाठीच्या कण्याजवळच्या बरगड्या आंखूड, वांकड्या व कमी चरबीच्या. पोटाकडील बरगड्या लांब, चपट्या व अधिक चरबीच्या. पोटाकडील पट्टीच्या टोकाचें कूर्चेचें मांस कापून ती चौकोनी केली, म्हणजे तिला सेंट लुई पद्धतीची कापणी म्हणतात. आमचें मत विचाराल तर नवशिक्यानें ही पोटाकडील पट्टी घ्यावी; चरबी अधिक असल्यामुळें वेळेंत थोडें मागेंपुढें झालें तरी ती सांभाळून घेते. खाटकास सांगून पट्टी अखंड घ्यावी. रश्शासाठीं करतात तसे लहान तुकडे करूं देऊं नयेत. सव्वा ते दीड किलोची एक पट्टी तीन-चार माणसांस पुरते. घरची भट्टी लहान असेल तर पट्टीचे दोन किंवा तीन भाग करावे.

पट्टीच्या आंतल्या बाजूस एक पातळ पापुद्रा असतो. तो शिजूनहि मऊ होत नाहीं व मसाला आंत जाऊं देत नाहीं. हाडावरून चमच्याच्या दांड्यानें त्याची एक कड उचलावी, कोरड्या फडक्यानें घट्ट धरावी, आणि ओढावी. बहुधा तो सबंध निघून येतो.

चोळण्याच्या मसाल्यासाठीं: मीठ चहाचे 2 चमचे, किसलेला गूळ किंवा तांबडी साखर 3 मोठे चमचे, काश्मिरी मिरचीची पूड 2 मोठे चमचे, मिरपूड, लसणाची पूड व मोहरीची पूड प्रत्येकी चहाचा 1 चमचा, आणि जिरेपूड अर्धा चमचा. काश्मिरी मिरची रंग देते व फार जाळीत नाहीं, म्हणून अमेरिकन पाप्रिकाच्या जागीं ती उत्तम शोभते. हा मसाला दोन्ही बाजूंस चोळून पट्टी झांकून रात्रभर शीतकपाटांत ठेवावी. मिठास आंत शिरावयास वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशीं भट्टी 135 अंश सेल्सिअसवर तापवावी. पट्टी जाळीवर, मांसाची बाजू वर करून ठेवावी व खालीं थाळा ठेवावा. पहिला एक तास ती उघडीच राहूं द्यावी. तेवढ्यांत मसाला बसतो व रंग चढतो. नंतर ती फॉइलमध्यें ठेवून दोन मोठे चमचे पाणी किंवा सफरचंदाचा रस घालावा व कडा घट्ट मिटाव्या. आंबट पदार्थानें अॅल्युमिनियम झिजतें, यासाठीं मांस आणि फॉइल यांच्यामध्यें भट्टींत चालणारा बटर पेपर घालावा. ह्या स्थितींत दीड ते दोन तास. पाठीकडील बरगड्यांस याहून कमी वेळ पुरतो.

तोंवर सॉस करून घ्यावा. टोमॅटोचा केचप 1 पेला, व्हिनेगर पाव पेला, काकवी 3 मोठे चमचे, मोहरीची पूड चहाचा 1 चमचा, थोडी मिरपूड व चवीपुरतें तिखट. हें सर्व मंद आंचेवर पंधरा मिनिटें उकळावें. कॅन्सस सिटीच्या सॉसमध्यें जी दाट काळी मळी घालतात, तिची जागा आपली कोल्हापुरी काकवी आनंदानें घेते. फक्त ती थोडी अधिक गोड असते हें ध्यानांत धरावें.

बरगड्या झाल्या कीं नाहीं, हें घड्याळास न विचारतां बरगड्यांसच विचारावें. चिमट्यानें पट्टी एका टोकास धरून उचलावी. ती सहज वांकली व वरचा पृष्ठभाग किंचित् तडकला, हाडांचीं टोकें बोटाच्या अर्ध्या पेराइतकीं उघडीं पडलीं, आणि दोन हाडांमधील मांसांत टोंचलेली काडी लोण्यांत गेल्यासारखी गेली, म्हणजे काम झालें. मांस हाडावरून आपोआप गळून पडावें अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु जाणते तें अति शिजल्याचें लक्षण मानतात. दांतानें धरलेला घांस स्वच्छ सुटावा आणि बाकीचें मांस हाडासच राहावें, ही खरी कसोटी. घरांत दांत गेलेलीं वडील मंडळी असतील, तर त्यांच्या वांट्याचा भाग अर्धा तास अधिक ठेवावा. तेथें कसोटीपेक्षां त्यांचा घांस मोठा. हें सर्व जमल्यावर पट्टी उघडून सॉसचा पातळ हात द्यावा, भट्टी 200 अंशांवर न्यावी, व दहा-पंधरा मिनिटें जवळ उभें राहून रंग येऊं द्यावा. साखर लवकर करपते, म्हणून सॉस आधीं लावूं नये. बाहेर काढल्यावर दहा मिनिटें थांबून मग कापावें.

आधीं पाण्यांत उकडून किंवा कुकरच्या शिट्या देऊन मग भट्टींत घालण्याची घाईची रीत पुष्कळ ठिकाणीं दिसते. मांस त्यानें मऊ होतें हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्याची चव पाण्यांत उतरते. त्या पाण्याचा रस्सा करावयाचा असेल तर तसें अवश्य करावें. तें ओतून द्यावयाचें असेल तर करूं नये.

राहिला धूर. विजेच्या भट्टींत तो कोठून येणार? अमेरिकेंत धुराचा अर्क बाटलींत भरून विकतात. अर्नेस्ट राइट ह्यानें तो 1895 त बाजारांत आणिला. आपल्याकडे याहून सोपी तोड आहे. शिजलेल्या बरगड्या मोठ्या पातेल्यांत ठेवाव्या, मधोमध वाटींत रसरशीत निखारा ठेवून त्यावर थेंबभर तूप सोडावें, आणि पांच मिनिटें घट्ट झांकण ठेवावें. खिडक्या मात्र उघड्या असाव्या. रात्रभराच्या हिकरीच्या धुराची सर यास येणार नाहीं, तरी त्याची आठवण खचित येईल.

एक गोष्ट आरोग्याची. डुकराचें मांस अर्धेंकच्चें खाल्ल्यानें पट्टकृमीची बाधा होते, हें आपल्या देशांत विसरतां कामा नये. अमेरिकेच्या कृषिखात्यानें 2011 त डुकराच्या अखंड तुकड्यांसाठीं 63 अंश व त्यानंतर तीन मिनिटें विसावा ही मर्यादा ठरविली. आपल्या बरगड्या 90 च्या वर जातात, म्हणजे तें भय शिजविण्यानेंच निवारतें. तथापि कच्च्या मांसाची सुरी व फळी कोशिंबिरीस लावूं नये, हात साबणानें धुवावे, आणि उरलेलें मांस दोन तासांच्या आंत शीतकपाटांत ठेवावें.

शेवटीं एक प्रश्न उरतो. भट्टींत केलेल्या ह्या पदार्थास बार्बेक्यू म्हणावें काय? खरें बोलावयाचें तर म्हणूं नये. विस्तव, लांकूड व धूर यांच्यावांचून तें नांव अपुरें आहे. बार्बेक्यूच्या धर्तीच्या बरगड्या एवढेंच म्हणावें. ज्यांनीं रात्री जागून ही कला जोपासली, त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत. निदान त्यांच्या कामाचें नांव आपण सवंग करूं नये. त्यांची भट्टी आपल्या घरीं येऊं शकत नाहीं; त्यांचा धीर येऊं शकतो. येत्या सणाला आपण बरगड्या कराल तेव्हां पहांटे थोडें लवकर उठावें, आंच मंद ठेवावी, आणि घरांतील सर्वांत वडील माणसाच्या ताटांत पहिला तुकडा वाढावा. त्यांनीं तो सहज चावला, तर आमचें हें भाषण सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.