संधिवाताच्या औषधांची वर्गवारी



जालना जिल्ह्यात कापसाची वेचणी हे मुख्यत्वे स्त्रियांच्या बोटांवर अवलंबून असलेले काम. बोंडातून कापूस उपसताना बोटांचे जे लहान सांधे राबतात, त्यांनाच ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस’ हा विकार बहुधा प्रथम ग्रासतो. पहाटे मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही आणि हा ताठरपणा तासभर टिकतो. खेड्यात याला सरसकट ‘वात’ म्हणतात. उतारवयातील गुडघेदुखीही वातच! परंतु ती प्रामुख्याने सांध्यांच्या झिजेची. या विकारात मात्र शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी सुरू केलेल्या पाहणीत दर हजार प्रौढांमागे सुमारे पाच जणांना हा विकार आढळला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण दोन ते तीन पट असते.

औषध वेदनेवर काम करते की रोगावर, या कसोटीवर त्याचा वर्ग ठरतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके. त्यांनी सूज उतरते, ठणका थांबतो. हाडांची झीज मात्र आतून चालूच राहते. दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण होतात, मूत्रपिंडांना इजा पोहोचते.

दुसरा वर्ग स्टिरॉइडचा. १९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोन प्रथम वापरले, तेव्हा अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून चालू लागले. १९५० चे नोबेल पारितोषिक या कार्याला मिळाले. पुढे दुष्परिणामही दिसले : हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, मोतीबिंदू. म्हणून आज ते अल्प मात्रेत, थोडक्या काळापुरते देतात. नाव-पत्ता नसलेल्या ‘वाताच्या पुड्यां’त हेच द्रव्य मिसळलेले आढळते. चार दिवसांत येणाऱ्या गुणाचे रहस्य बहुधा हेच! दीर्घकाळ घेतलेली अशी पुडी एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

रोगाला खरा आवर घालतात ती मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलॅझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, लेफ्लुनोमाइड ही औषधे. पूर्वी ती उशिरा देत. आता निदान होताच सुरू करतात, कारण एकदा वाकडे झालेले बोट औषधाने सरळ होत नाही. त्यांचा गुण दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढ्यात धीर सुटून रुग्ण पुन्हा पुडीकडे वळतो.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस जैविक इंजेक्शने आली; २०१२ मध्ये टोफासिटिनिबची गोळी आली. ही औषधे सामान्यतः आधीच्यांनी गुण न आल्यास देतात; सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते.

सर्वाधिक गफलत होते ती मेथोट्रेक्सेटची. या विकारात ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास तोंडात व्रण होतात, रक्तपेशी घटतात, प्राणावरही बेतते. ठराविक काळाने रक्ततपासणी हवी, मद्यपान टाळावे. गर्भवतीला हे औषध वर्ज्य आहे. शिक्षक, आशा कार्यकर्त्या व पंचायत सदस्य यांनी रुग्णाच्या कागदावर गोळीचा वार ठळक लिहिलेला आहे ना, हे पाहावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या संमतीने गावाच्या आठवडी बाजाराचा वार ठरवून घ्यावा. तो घरात कोणाला विसरत नाही.