हिशेब उन्हाचा आणि तेलाचा



ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांच्या या सोलापूर नगरीत परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. मे १९३० मध्ये इंग्रजांचा अंमल झुगारणाऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे देणाऱ्या शहरात आज देशाच्या तेलावरील परावलंबनाचा विचार होतो आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

हा विषय आमच्या उंबरठ्यावरचा आहे. मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघालेली नळवाहिनी शहराजवळ पाकणीच्या डेपोत येऊन संपते. तिथे डिझेलचे टँकर भरतात आणि गावोगावच्या पंपांकडे निघतात. त्या डिझेलचे मूळ मात्र बहुतेक परदेशात असते; देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण आयात करतो. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तीन डॉलरचे पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेले, तेव्हाच या परावलंबनाची किंमत आपल्याला कळली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ती पुन्हा कळली. रशियाचे तेल घेतो म्हणून अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावले आणि एकूण बोजा ५० टक्क्यांवर गेला. तेलाचे सौदे करणारे वेगळेच होते. झळ मात्र सोलापुरी टॉवेल विणणाऱ्यांपर्यंत पोहोचली.

तेलाला पर्याय म्हणून आपण सौरऊर्जेकडे पाहतो. मग ती महाग की स्वस्त? पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या सौर प्रकल्पांची वीज युनिटला दहा रुपयांच्या पुढे होती. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे तिचा दर २ रुपये ४४ पैशांवर आला. तरीही आमचा कारखानदार छपरावर पॅनेल बसवताना दहादा विचार करतो. सौरऊर्जेचा जवळपास सगळा पैसा पहिल्याच दिवशी मोजावा लागतो. तेलाचा रोज थोडाथोडा जातो आणि कधी संपत नाही. घरगुती छतासाठी पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळते. मागाच्या शेडला ती योजना लागू नाही. रात्रपाळीला माग चालवायचा तर बॅटरीचा खर्च वेगळा. म्हणून खरा प्रश्न दराइतकाच भांडवलाचा आहे. ते कुणी उभे करायचे आणि किती व्याजाने?

भांडवलाची सोय झाली की काय घडते, ते आमच्या शिवारात दिसते. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकरी दहा टक्केच हिस्सा भरतो. २०२० च्या अखेरीस करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा रात्रीच्या विजेवर दारे धरायला जाणाऱ्यांच्या घरात काय धास्ती होती, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. दिवसा पंप चालणे म्हणजे त्या घराला झोप मिळणे.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट बोलू या. आपल्या देशात तेलावर वीज फारच थोडी तयार होते. तेल जाळतात मुख्यतः वाहने. सौर वीज एसटीत, रिक्षात, मालट्रकमध्ये पोहोचली, तरच तेलाची आयात घटेल. दुसरे म्हणजे पॅनेलच्या जागतिक साखळीत प्रत्येक टप्प्यावर ८० टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या चीनचा आहे. आखाताचा धनी सोडून दुसरा धनी पत्करण्यात काय हशील?

सोलापूरला भांडवल उभे करायची रीत ठाऊक आहे. इथल्या शेतकऱ्यांनी भाग घेऊन साखर कारखाने काढले. विडी कामगार भगिनी आणि इतर कष्टकऱ्यांच्या सहकारातून कुंभारीला रे नगर वसाहत उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या १५ हजार घरांचा ताबा देण्यात आला. विजेच्या बाबतीत हे का होऊ नये? मागवाल्यांच्या सहकारी सौर संस्था निघाव्यात, त्यांना कमी व्याजाचे दीर्घ मुदतीचे कर्ज मिळावे आणि पॅनेलचे सुटे भाग देशातच बनावेत, एवढे तीन ठराव या परिषदेने करावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

आपल्या मुक्कामात कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा आस्वाद अवश्य घ्या. व्यवस्थेत काही उणे राहिले तर ते सांभाळून घ्यावे.  ठराव करून आपण परत जाल. त्यांचा पाठपुरावा सोलापूर करील, असा शब्द देतो.