अक्काची कॅलेंडरं

(मंडळाच्या श्रावणातील कौटुंबिक मेळाव्यात तिघा भावंडांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी आम्हाला विषय दिला 'गावाकडच्या आठवणी' आणि वेळ दिली पंधरा मिनिटं. बोलणारा एक असला तरी मजकूर तिघांचा आहे, म्हणून आम्ही 'आम्ही'च म्हणणार आहोत. एक बँकेतून निवृत्त झालेला, एकाची सारी हयात उद्यमबागेतल्या फौंड्रीत गेली, आणि धाकटी शाळेत बाई होती. चौथी, म्हणजे खरं तर पहिली, आमची अक्का. ती गावातच राहिली आणि गेल्या माघात गेली.

तयारी म्हणून तिघांनी आपापल्या आठवणी वेगवेगळ्या कागदावर लिहून काढल्या. चुलीवरची भाकरी, शेणानं सारवलेला सोपा, कौलांवर वाजणारा पाऊस, चढणीचे मासे, मळणीच्या रात्री. या सभागृहातल्या निम्म्याअधिक लोकांची यादी अशीच होईल. पण कागद एकमेकांना वाचून दाखवताना लक्षात आलं, की आम्ही ज्याला गाव म्हणत होतो, ते बरंचसं अक्कानं दिवसभर राबून आमच्यापुढं ठेवलेलं होतं.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. मलप्रभा जिथं उगम पावते ते कणकुंबी आमच्या पश्चिमेला. तिकडून ढग भरून आले की तीन-तीन दिवस सूर्याचं दर्शन नाही. अक्का आमच्यातल्या मोठ्याहून ९ वर्षांनी मोठी. ती चौथी पास झाली त्या वर्षी धाकटीचा जन्म झाला आणि आई त्या बाळंतपणातून नीट उठलीच नाही, दमा जडला. अक्काची शाळा सुटली. कुणी सोडवली असंही नाही. एके दिवशी ती गेली नाही, दुसऱ्या दिवशी गेली नाही, आणि मास्तर विचारायला आले तेव्हा ती भाकरी थापत होती, एवढंच.

आता त्या भाकरीचंच घ्या. परवा एका लग्नात 'चुलीवरची भाकरी' असा फलक लावून वेगळा स्टॉल मांडला होता, आणि लोक रांगेत उभे होते. आम्हीही होतो. पण आमच्याकडं आषाढातल्या गरम भाकरीची तयारी शिमग्यापासून सुरू व्हायची. जंगलाच्या कडेनं वाळकी लाकडं गोळा करायची, काजूच्या छाटलेल्या फांद्या ओढून आणायच्या, शेणी थापायच्या, वाळवायच्या, रचायच्या, वर पिंजर घालून झाकायच्या. रोहिणीचा एखादा वळीव अवेळी आला तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात अक्का ओरडायची, "पाऊस येऊलाय, शेणी आत घ्या!" ते केलं नाही तर पावसाळाभर ओल्या लाकडाचा धूर. आम्ही सोप्यात घोंगडं पांघरून धडे पाठ करायचो, आणि ती माजघरापलीकडं फुंकणीनं चूल फुंकायची. तिचे डोळे कायम लाल असायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं, अक्काचे डोळेच तसे.

सारवणाचंही तसंच. सोपा दिसायचा छान, पण जमीन आठ-पंधरा दिवसांनी सारवावी लागते, आणि पावसाळ्यात ती वाळत नाही. मग राखेचा हात फिरवायचा, आणि पोरांनी पाय टाकू नये म्हणून दारात बसून राहायचं. आम्ही हटकून पाय टाकायचो. तिचा हात जड होता हेही इथं सांगायला हवं. माणूस गेलं की लोक त्याचं देवस्थान करतात; आमची अक्का रागीट होती, गुळाच्या बाबतीत चिकट होती, आणि धाकटीचे लाड करताना आम्हा दोघांचा हिशेब वेगळा ठेवायची. मात्र चढणीचे मासे आले की तिचा अवतार बदलायचा. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याचं पाणी शेतात शिरतं नि त्याच्या उलट मासे वर चढतात. अक्का बुट्टी घेऊन गुडघाभर पाण्यात उभी, लुगडं खोचलेलं, आणि आम्हाला शिव्या घालत हसत असायची. तिला इतकं मोकळं हसताना आम्ही फक्त तेव्हाच पाहिलं.

तिला दिलंही गावातच, वरच्या आळीत. गावात दिलेल्या लेकीला माहेर असतं नि नसतंही. सासरचं आवरून ती दुपारी आमच्याकडं येऊन आईची भांडी घासून जायची. त्यामुळं आमची शाळा, मग खानापूर, मग बेळगाव, हे बिनबोभाट चालत राहिलं. मीटरगेजची गाडी होती तेव्हा. शनिवारी संध्याकाळी आम्ही घरी जायचो आणि सोमवारी पहाटे ती पोह्यांचं फडकं आणि लोणच्याची बाटली देऊन आम्हाला वाटेला लावायची.

दाजी मुंबईला गिरणीत होते. आमच्या भागातली, चंदगडाकडची कितीतरी माणसं गिरणगावात होती, तशीच. वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला येणार, पैसे देणार, जाणार. शेत अक्काचं. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दाजी पावसाळ्याआधी ट्रंक घेऊन परत आले, आणि परत गेलेच नाहीत. काही महिने ते कट्ट्यावर बसून असायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. अक्का त्यांना म्हणाली, "गिरण बंद झाली, जमीन बंद झालीय काय?" आणि त्यांच्या हातात कुरी दिली. दाजींना बियाणं सोडायला तिनं शिकवलं, हे ते स्वतःच हसत सांगायचे.

त्या ट्रंकेत कालनिर्णय होतं, त्या वर्षाचं. अक्कानं ते माजघरात खिळ्याला अडकवलं, आणि दुधाच्या रेघा भिंतीवर कोळशानं ओढायच्या सोडून तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायला लागली. चौथीपर्यंतचं अक्षर, पण स्वच्छ. वर्ष संपलं की कॅलेंडर फेकायचं नाही. त्याच खिळ्यावर नवं वर चढायचं, जुनं खाली. तिच्या बाराव्यानंतर पाहुणे गेले, तेव्हा भाच्यानं तो गठ्ठा खाली काढला. यंदाचं धरून ४१ निघाली. मधली काही उंदरांनी खाल्ली असणार. तीन रात्री आम्ही ती वाचत होतो.

"मृग कोरडा." "चांदी व्याली. पाडी." "भांगलण १४ बायका." "पोरास पोहे २ शेर धाडले." "आण्णास ताप. वैद्य." "रताळी ११ पोती, दिल्लीची गाडी." "म्हस आटली." एका चौकोनात याहून जास्त मावत नाही. कुणाच्या घरी जन्म, कुणाची दहावी, धाकटीला नोकरी लागली ती तारीख (आमच्या धाकटीला स्वतःला ती आठवत नव्हती). आईची प्रत्येक धाप त्यात आहे. आमची प्रत्येक दुखणी आहेत. तिच्या स्वतःच्या दुखण्याबद्दल सगळ्या वर्षांत मिळून एकच ओळ सापडली: "आज उशिरा उठले."

पण सर्वांत जास्त नोंदी रोहिणीच्या आहेत, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नव्या पिढीला हे माहीत नसतं. आमच्याकडं रोप लावण्याआधीच्या काळापासून भाताची धूळपेरणी चालते. मेच्या शेवटी, कोरड्या ठणठणीत जमिनीत कुरीनं भात पेरून टाकायचं. कारण आमचा पाऊस एकदा लागला की शेताचा चिखल होतो आणि मग कुरी चालत नाही. बी आधीच जमिनीत पाहिजे, पहिल्या पावसाबरोबर ते वर यायला पाहिजे. पण यात जुगार आहे. वळवाचा एखादा चांगला सडा पडला, बी उगवलं, आणि मग मृग पंधरा दिवस ओढून धरला, तर कोंब करपतात. पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी. लवकर पेरलं तरी भीती, उशीर केला तरी भीती.

तो दिवस अक्का ठरवायची. वरच्या आळीत लोक एकमेकांना विचारायचे, "अक्काची कुरी निघाली काय?" ती अंदाज कशावरून बांधते हे आम्हाला कोडं होतं. आम्ही वारा, मुंग्या, झाडांची पालवी अशी कारणं कल्पून ठेवली होती. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायकांबद्दल आपण असंच काहीतरी धरून चालतो. कॅलेंडरं पाहिल्यावर उलगडलं. मेच्या पानांवर दरवर्षी वळवाची तारीख, किती वेळ पडला, ओल किती बोटं गेली, पेरणी कधी, उगवण कशी, दुबार करावी लागली का. आणि काही पानांवर मागच्या वर्षांची तुलना: "८७ सारखं." म्हणजे ती गठ्ठा उतरवून जुनी पानं बघत होती. भाचा म्हणाला, "होय की. रोहिणी लागायच्या आधी आई एक दिवस कॅलेंडरं घेऊनच बसायची. आम्हाला वाटायचं, तिथी बघूलाय."

भात निघालं की त्याच ओलीवर मसूर. मळणीच्या रात्रींबद्दल आमच्या कागदांवर चांदणं आहे, तिवड्याभोवती फिरणारी बैलांची पात आहे, पिंजरात लोळणं आहे. कॅलेंडरात त्याच रात्रीच्या चौकोनात पोत्यांचा आकडा आहे, आणि खाली बियाण्याला किती काढलं तो आकडा. बियाण्याची कणगी वेगळी, शेणानं लिंपलेली, आत निरगुडीचा पाला. त्या कणगीला आम्हीच काय, दाजीसुद्धा हात लावायचे नाहीत. एका दुष्काळी वर्षी घरात तांदूळ संपला, तेव्हा तिनं शेजारून उसने आणले पण ती कणगी फोडली नाही.

आता एक प्रसंग सांगतो. तो सांगावा की नाही यावर आमच्यात थोडी चर्चा झाली, पण सांगतो.

मृत्यूची नोंद करायला आम्ही भाच्याबरोबर गेलो होतो. अर्जात व्यवसायाचा रकाना असतो. तिथल्या कारकुनानं आम्हाला न विचारता कन्नडमध्ये लिहिलं, घरकाम. आम्ही म्हणालो, शेती लिहा. त्यानं मान वर केली. माणूस वाईट नव्हता, उर्मटही नव्हता. म्हणाला, "उतारा त्यांच्या नावावर होता का?" नव्हता. आधी सासऱ्यांच्या नावावर होता, मग दाजींच्या, दाजी गेल्यावर भाच्याच्या. "मग शेतकरी कशा?" आमच्यातला बँकवाला तावातावानं बोलायला लागला. भाच्यानं त्याचा हात दाबला. मागं रांग होती. कागद तसाच निघाला.

त्या रकान्यानं काही अडत नाही. कुणाचा दाखला रखडला नाही, कुणाचे पैसे बुडाले नाहीत. भाच्याचं म्हणणं हेच आहे, आणि ते खोटं नाही. पण परतीच्या बसमध्ये आम्ही तिघंही गप्प होतो. दाजींच्या दाखल्यावर 'शेतकरी' असंच लिहिलेलं आहे. बियाणं सोडायला ज्यांना अक्कानं शिकवलं, ते दाजी.

आता अक्काच्या सुनेकडं शेत आहे. भाचा खानापुरात कामाला जातो, सकाळी आठला निघतो, सातला येतो. माणसं बोलावणं, भांगलण, म्हशी, दूध, सगळं ती पोरगी बघते. आम्ही भाच्याला म्हटलं, तुझ्या नावाबरोबर तिचंही नाव उताऱ्यावर घाल. त्याला मनातून पटलंय असं वाटतं, पण भावकीत हसतात. "बायकोच्या नावावर जमीन केली, म्हणजे ह्यो काय चाललाय?" असं परवा एकानं त्याला सर्वांदेखत विचारलं. कागदपत्रांचा खर्च आहे, हेलपाटे आहेत, आणि त्याची बहीण, आमची भाची, काय म्हणेल हेही आहेच. तिची सही लागली तर ती देईल की आपला हिस्सा मागेल? मागितला तर तो तिचा हक्कच आहे, हे आम्ही त्याला सांगून ठेवलंय. मामा-मावशीनं यापुढं किती बोलायचं, यावर आमचं एकमत नाही. धाकटीचं म्हणणं, गौरीला सगळी जमतील तेव्हा विषय काढायचाच. आम्हा दोघांना वाटतं, वर्षश्राद्ध होऊ दे.

कॅलेंडरं आम्ही बेळगावात आणायची म्हणत होतो. इथं कोरडं कपाट आहे, जपून राहतील. सुनेनं नाही म्हटलं. सरळ नाही म्हटलं, "मला लागतात" म्हणाली. गठ्ठा पुन्हा त्याच खिळ्यावर गेला. यंदाच्या जानेवारीच्या पानावर अक्काच्या पेन्सिलीतल्या दोनच ओळी आहेत. एक "मसूर बरा. मावा न्हाई." आणि दुसरी दुधाची. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल कोरे आहेत.

परवा नागपंचमीला आम्ही गेलो होतो. मेच्या पानावर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं होतं: वळीव, अर्धा तास, ओल चार बोटं. त्याच्या पुढच्या आठवड्यात: पेरलं. आणि मग थेट ऑगस्टच्या चौकोनात, "भांगलण १२ बायका, चहा आमचा."